समुद्र रंगात आला

बसस्थानकाच्या भिंतीवर आपला फोटो पाहिला आणि पाणबुडीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोटो तिचा म्हणजे तिनं काढलेला. अख्खी भिंत व्यापून प्रवाळ पसरलं होतं. जांभळं, पोपटी, मधूनच लिंबाच्या सालीसारखं पिवळं, आणि सगळं असं उजळलेलं की वाटावं आत कुणी दिवे लावून ठेवलेत. खाली हातभर उंच अक्षरांत लिहिलं होतं, 'या, समुद्र रंगात आलाय!' एक नवराबायको भिंतीला पाठ करून स्वतःचे फोटो काढत होते. बायकोनं पाणबुडीच्याच हातात फोन दिला आणि मागचं सगळं नीट येईल असा काढा म्हणून सांगितलं. पाणबुडीनं काढून दिला. न काढून करते काय?

पाणबुडी हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. लहानपणी ती पाण्याखाली इतका वेळ दम धरून बसायची की काठावर आई कासावीस व्हायची. तेव्हा थोरल्या भावानं ठेवलेलं हे नाव आधी घरात चिकटलं, मग गल्लीत. पुढे बंदरावरच्या सागरी संशोधन केंद्रात ती नोकरीला लागली, तेव्हा नाव तिच्या आधी तिथं जाऊन बसलं होतं. बंदराबाहेर प्रवाळाचा जो पट्टा आहे त्याच्यावर नजर ठेवणं हे तिचं काम. बुडी मारायची, बघायचं, मोजायचं, वर येऊन लिहायचं. वर्षानुवर्षं त्यात बातमी म्हणावी असं काही नव्हतं आणि तिला त्याचंच बरं वाटायचं.

या उन्हाळ्यात मात्र वारा पडला तो पडलाच. पाणी तेलासारखं गुळगुळीत होऊन पसरलं. वाऱ्यानं लाटा उठतात तेव्हा वरचं तापलेलं पाणी खाली जातं, खालचं गार पाणी वर येतं. वाराच नाही म्हटल्यावर हे ढवळणं थांबलं. वर ढगाचा टिपूस नाही आणि त्यात दक्षिणेकडून येणारा गरम प्रवाह किनाऱ्याला यंदा नको इतका लगटून वाहू लागला. केंद्राचा तापमापक एरवीपेक्षा दीड-दोन अंश वर जाऊन बसला आणि खाली यायचं नाव घेईना. दीड-दोन अंश म्हणजे काय एवढं, असं ज्यानं त्यानं तिला विचारलं. अंगात दीड-दोन अंश ताप महिनाभर ठेवून बघा, असं ती ज्याला त्याला सांगत राहिली.

तो फोटो तिनं काढला त्याच सुमाराला. प्रवाळाला उष्णता सोसेनाशी झाली की काही जाती पांढऱ्या पडण्याआधी असे भडक रंग धरतात. उन्हापासून वाचायला स्वतःचीच छत्री उघडावी तसं ते असतं. तिनं तो फोटो पर्यटन कचेरीत पाठवला. सोबत स्पष्ट लिहिलं, की हा रंग आजाराचा आहे, पाणी गार होईपर्यंत पट्ट्यावर होड्या नेऊ नयेत. कचेरीनं फोटो ठेवून घेतला आणि बाकीचं सोडून दिलं.

बसस्थानकावरून ती तडक कचेरीत गेली. तिथला अधिकारी भला माणूस होता. स्वतः उठून खुर्ची द्यायचा, पंखा तिच्याकडे वळवायचा. त्याची एकच खोड होती. त्याचा प्रत्येक नकार 'अगदी मान्य' या शब्दांनी सुरू व्हायचा. मॅडम, तुमचं म्हणणं अगदी मान्य, पण फोटो लोकांना फार आवडलाय. तुमची काळजी अगदी मान्य, पण हे सगळं जाणारच असेल तर जायच्या आधी लोकांनी एकदा बघायला नको का? पाणबुडीनं विचारलं, की अतिदक्षता विभागाबाहेर तुम्ही तिकीटखिडकी उघडाल का? तो मनापासून हसला, ही उपमा छान आहे म्हणाला, आणि वरिष्ठांच्या कानावर घालतो असं सांगून तिला जिन्यापर्यंत सोडायला आला.

केंद्राच्या संचालकांकडून तिला जास्त आशा होती. पण ते आकड्यांकडे बघत नुसते चष्मा पुसत राहिले. त्यांचीही अडचण होती. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एकच गोष्ट मांडली होती, की उष्ण समुद्रांतलं प्रवाळ उद्या तापानं गेलं तरी आपल्यासारख्या जरा थंड किनाऱ्यांवर ते तग धरेल, इथं त्याला आसरा मिळेल. केंद्राची इमारत, नोकऱ्या, पाणबुडीचा पगारसुद्धा या एका म्हणण्यावर उभा होता. आता हा आसराच तापला असं आपल्या तोंडानं सांगायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. आकडे पक्के होऊ देत, ते म्हणाले. हंगाम संपू दे, मग सविस्तर अहवाल करू. पाणबुडी म्हणाली, की हंगाम संपेल तेव्हा अहवाल कशाचा करायचा तेही संपलेलं असेल. त्यांनी चष्मा पुन्हा काढला.

राहता राहिलं घर. घरात थोरला भाऊ, वहिनी आणि वडील. वडील पूर्वी होड्या बांधायचे. आता गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या होडीत खोट काढायचे. दादाची होडी काचेच्या तळाची. पर्यटकांना पट्ट्यावर न्यायचं, तळाच्या काचेतून प्रवाळ दाखवायचं आणि ध्वनिक्षेपकावर चार विनोद करायचे, हा त्याचा धंदा. मागचे हंगाम त्याला कोरडे गेले होते. पण भिंतीवर तो फोटो लागला आणि त्याची होडी भरून वाहू लागली. तो शीळ घालत घरी यायचा. वहिनी खुशीत होती.

जेवताना पाणबुडीनं विषय काढला. वहिनीला तिनं समजावून सांगितलं, की प्रवाळ म्हणजे दगड नाही, जनावर आहे. टाचणीच्या टोकाएवढी असंख्य जनावरं आपल्याच चुन्याच्या घरात दाटीवाटीनं राहतात. त्यांच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. ते शेवाळ उन्हावर अन्न करतं, स्वतः खातं आणि बरंचसं जनावराला देतं. प्रवाळाला एरवी जो तपकिरी-हिरवा रंग दिसतो तो या शेवाळाचा. पाणी फार तापलं की शेवाळाचं तंत्र बिघडतं, अन्नाऐवजी ते विष करायला लागतं, मग जनावर त्याला अंगाबाहेर काढून टाकतं. उरते काचेसारखी पारदर्शक कातडी आणि आतला पांढरा सांगाडा.

"म्हणजे भाडेकरूला घालवला," वहिनी म्हणाली.

"हो. पण स्वयंपाक तोच करायचा."

वहिनीचा घास हातातच राहिला. मग हे मरतं का, तिनं विचारलं. लगेच नाही, पाणबुडी म्हणाली. उपाशी राहतं. काही आठवड्यांत पाणी गार झालं तर शेवाळ परत धरतं आणि सावरतं. नाही झालं तर संपलं. तेवढ्या दिवसांत त्याला धक्का लागू नये, वर वाळू बसू नये, नांगर पडू नये. एवढंच आपल्या हातात आहे, असं म्हणून तिनं दादाकडे पाहिलं.

दादा तोवर मान खाली घालून जेवत होता. त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तुला समुद्र गार करता येतो का?"

"नाही."

"माझी होडी बंद ठेवली तर तो गार होईल?"

"नाही, पण—"

"मग माझ्याच मागे का लागतेस? सगळी दुनिया धूर ओकतेय त्यानं तो तापलाय, हे तूच सांगतेस ना? त्या दुनियेला जाऊन अडव. मी हाताशी सापडतो म्हणून मला धरतेस."

तो चुकीचं बोलत नव्हता. दुनिया हाताशी नव्हती आणि दादा होता. आजारी माणसाला बरं करता येत नाही म्हणून त्याच्या अंगावर नाचायचं का, असं ती शेवटी म्हणाली खरी, पण त्या बोलण्यात दम नव्हता हे तिचं तिलाच कळलं. वडील दोघांकडे आळीपाळीनं बघत बसले आणि वहिनीनं ताटं उचलली.

यानंतर तिनं जे केलं ते डोकं ठिकाणावर असतं तर केलं नसतं. एका दुपारी ती दादाच्या होडीत चढली. बहीण रुसवा सोडून आली असं समजून दादानं तिला पुढे बसवलं, लोकांना तिची ओळखही करून दिली, ही माझी धाकटी बहीण, समुद्रातली डॉक्टर. होडी पट्ट्यावर थांबली. काचेखाली ते उजळलेलं जांभळं-पिवळं रान दिसलं तसे सगळे वाकले. तेवढ्यात पाणबुडीनं ध्वनिक्षेपक उचलला आणि सांगायला सुरुवात केली. हे रंग कशाचे आहेत, यानंतर काय होणार, नांगर कुठे पडलाय, इंजिनाच्या पंख्यानं उडालेली वाळू कशावर जाऊन बसतेय, सगळं सांगितलं. होडीत चिडीचूप. तिला वाटलं, पोहोचलं.

मग एक बाई हळूच म्हणाली, "किती सुंदर ना, मरतानासुद्धा." आणि मागच्या बाकावरच्या गृहस्थांनी विचारलं, की पोहायला वेळ मिळणार आहे ना, तिकिटात ते धरलंय म्हणून.

दादानं तिच्या हातातून ध्वनिक्षेपक काढून घेतला. त्याचे कान लाल झाले होते. परतीच्या वाटेवर त्यानं एकही विनोद केला नाही. धक्क्यावर तो तिला एवढंच म्हणाला, की पुन्हा माझ्या होडीत पाय ठेवू नकोस. तिनंही तितक्याच तोऱ्यात सांगितलं, की ठेवणार नाही, होडीखाली बघायला काही उरणार पण नाही. दोघांचं बोलणं बंद झालं. एका घरात, एका मोरीत दात घासून, एकाच दारानं बाहेर पडून बोलणं बंद ठेवणं किती कटकटीचं असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. निरोप वहिनीमार्फत जाऊ लागले. शेवटी वहिनी कंटाळली आणि म्हणाली, मी काही टपालखातं उघडलेलं नाही.

पाणबुडी रोज बुडी मारत होती. एकेक रंग विझत गेला. आधी पिवळा गेला, मग पोपटी. जांभळा सगळ्यांत चिवट निघाला, पण तोही फिकटला. एका सकाळी ती खाली उतरली तर जिथवर नजर जाईल तिथवर पांढरं. प्रवाळाच्या फांद्यांचं पांढरं, ताटल्यांचं पांढरं, गोट्यांचं पांढरं. पाणी अंगाला कोमट लागत होतं. गार व्हायला म्हणून समुद्रात शिरावं आणि समुद्रानं कोमट अंग पुढे करावं याचा तिला इतका वैताग आला की तोंडातली नळी तशीच ठेवून ती पाण्याखाली ओरडली. बुडबुडे वर गेले, एवढंच.

रंग गेले तशा तक्रारी सुरू झाल्या. भिंतीवर वेगळं आणि खाली वेगळं, असं पर्यटक धक्क्यावर भांडू लागले. होड्या रिकाम्या झाल्या. पर्यटन कचेरीतून अधिकाऱ्याचा फोन आला. आवाज तसाच मऊ. रंग परत साधारण कधी येतील ते मॅडम सांगू शकतील का, म्हणजे पाहुण्यांना तारखा देता येतील. पाणबुडीनं त्याचं म्हणणं अगदी मान्य असल्याचं सांगितलं आणि फोन ठेवला. त्या दिवसातला तेवढाच एक आनंद.

दोन-चार दिवसांनी ती केंद्राच्या लहान होडीत सामान चढवत होती, तेव्हा दादा धक्क्यावर येऊन उभा राहिला. इकडे तिकडे बघत म्हणाला, की इंजिन बसून बसून खराब होतंय, तुला कुठे जायचं असेल तर सोडतो. माफीचा शब्द त्यानं काढला नाही आणि तिनंही मागितला नाही. सामान त्याच्या होडीत गेलं.

पट्ट्याच्या टोकाला एक प्रचंड गोल प्रवाळ होतं, हत्तीची पाठ पाण्यातून वर येतेय असं. सगळे त्याला हत्तीच म्हणायचे. पाणबुडीच्या हिशोबानं ते कित्येक शतकांचं होतं. दादा कानाच्या दुखण्यापासून पाण्याखाली गेला नव्हता, पण हत्तीवर पाणी उथळ होतं. तिनं त्याच्या हातात बुडीचा मुखवटा आणि श्वासाची नळी दिली. तो उतरला, पालथा तरंगत राहिला आणि बराच वेळ त्यानं मान वर काढलीच नाही. काचेतून तो रोज हे बघत होता, तरी हातभर अंतरावरून पाहणं निराळं. वर आल्यावर त्यानं मुखवटा कपाळावर सारला.

"पांढरा पडलाय, पण मेलेला नाही ना? बारीक तोंडं दिसतायत. उघडमीट करतायत."

"जिवंत आहे. उपाशी आहे."

"आणि ते शंखासारखं काय चिकटलंय?"

गोगलगायी होत्या. प्रवाळ खाणाऱ्या. एरवी थोड्या असतात आणि प्रवाळही त्यांना पुरून उरतं. पण अशक्त प्रवाळ सापडलं की त्या गोळा होतात. पाणबुडीनं त्या काढायला परवानगी मागितली होती आणि संचालकांनी निदान तेवढी सही केली होती. दादानं विचारलं, की काढल्या तर वाचेल का. तिनं खरं ते सांगितलं, की पाणी गार झालं नाही तर काही उपयोग नाही, झालं तर थोडा आहे. दादानं होडीतली बादली घेतली.

मग ते रोजचंच झालं. ती खालून चिमट्यानं गोगलगायी काढायची, उथळ भागातल्या दादा काढायचा. कंबर मोडायची, बोटं चिरायची. काम इतकं चिल्लर वाटायचं की पाणबुडीला मधूनच रडू फुटायचं आणि दादा शिव्या हासडायचा, गोगलगायींना, कचेरीला, वाऱ्याला. तूही दे एखादी, तो म्हणायचा, मोकळं वाटतं. तिनं एक दोन देऊन पाहिल्या. फारसं मोकळं वाटलं नाही.

वारा आला तो उशिरा आला. तीन दिवस समुद्र असा खवळला की धक्क्यावर कुणी फिरकलं नाही. पाणबुडी खिडकीत उभी राहून लाटा बघत होती, आणि इतके दिवस कुठे मेला होतास, असं तिच्या मनात येत होतं. समुद्र निवळल्यावर तापमापक खाली आला. खाली उतरून तिनं जे पाहिलं ते तिला आधीच ठाऊक होतं. फांद्यांचं प्रवाळ जवळजवळ सगळं गेलं होतं. पांढऱ्यावर आता तपकिरी-हिरव्या शेवाळाची लव चढली होती, ओल्या घोंगडीसारखी. हे बाहेरचं शेवाळ, आत राहून अन्न देणारं नव्हे. मासे कमी झाले होते. हत्तीचा माथा मेला होता. मात्र त्याच्या कुशीला, जिथं सावली पडायची तिथं, पांढऱ्यात चहाच्या डागासारखा रंग धरू लागला होता. तिथल्या गोगलगायी त्यांनी काढल्या होत्या. त्यामुळे वाचलं की सावलीमुळे, हे तिला छातीठोकपणे सांगता आलं नसतं, आणि दादानं विचारलं तेव्हा तिनं तसंच सांगितलं.

घरी वडिलांनी विचारलं, किती उरलं. पाणबुडी म्हणाली, बाबा, चारातलं एक. पुन्हा भरायला किती वर्षं लागतील? मधे असा उन्हाळा आला नाही तर पंधरा-वीस. आणि आला तर? पाणबुडी ओले कपडे वाळत घालायला उठली.

संचालकांचा अहवाल झाला. त्यात त्यांनी खोल पाण्यातला, न तापलेला भागही धरला होता, त्यामुळे सरासरी नुकसान बरंच कमी दिसलं. पाणबुडी तावातावानं त्यांच्या खोलीत शिरली. ते म्हणाले, की खोटं एक अक्षर नाही. खरंच नव्हतं. तिनं त्या अहवालावर आपलं नाव घालू दिलं नाही. त्यानं फरक काय पडला म्हणाल तर काहीही नाही. नावांच्या यादीत एक ओळ कमी झाली.

उरलेल्या प्रवाळावर नांगर पडू नयेत म्हणून होडीवाल्यांच्या बैठकीत दादानं विषय मांडला, की पट्ट्यावर वाळूत जड ठोकळे ठेवून वर पिंपं तरंगत ठेवावीत आणि होड्या त्यांना बांधाव्यात. दादा बोलतोय म्हणून सगळ्यांनी ऐकून घेतलं. विचार चांगला आहे, पुढच्या हंगामात बघू, असं ठरलं. परतताना पाणबुडी वाटभर त्याच्यावरच धुसफुसत राहिली, जणू ठराव त्यानंच केला होता. दादानं तिला बोलू दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं अंगणात सिमेंटचा ठोकळा ओतला. कडी वडिलांनी बसवली आणि दोरीची गाठही त्यांनीच मारली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. ठोकळा वाळल्यावर दोघा भावंडांनी तो हत्तीशेजारच्या मोकळ्या वाळूत सोडला आणि वर लाल पिंप तरंगू लागलं. पर्यटन कचेरीचा अधिकारी भेटायला आला. ठोकळ्यामागचा हेतू त्याला अगदी मान्य होता, पण परवानगी नव्हती. दादानं त्याला बसायला खुर्ची दिली, पंखा त्याच्याकडे वळवला आणि वरिष्ठांच्या कानावर घाला म्हणून सांगितलं.

पर्यटक पुन्हा थोडे थोडे येऊ लागले, तेव्हा पाणबुडी एकदा दुर्बीण घेऊन धक्क्यावर उभी राहिली. शेजारच्या होडीवाल्यानं, जो बैठकीत सर्वांत मोठ्यानं पुढच्या हंगामात बघू म्हणाला होता, लाल पिंपाला दोरी अडकवली होती. त्याच्यामागून आणखी एकानं. संध्याकाळी तिनं त्या पहिल्याला गाठून विचारलं, की मत बदललं का. तो म्हणाला, मत कसलं, नांगर ओढून ओढून खांदे भरून येतात, हे बरं पडतं.

इतके दिवस तिनं घसा कोरडा केला होता, फोटो पाठवले होते, भांडली होती, आणि कामी आला तो लोकांचा आळस. तिला हसू आलं आणि त्या हसण्याचाच राग आला. घरी येऊन तिनं दादाला ते सांगितलं. तो पोट धरून हसला, मग म्हणाला, की सिमेंट अजून अर्धी गोणी शिल्लक आहे, दुसरा ठोकळा कुठे टाकायचा?

"जिथं काही उरलंय तिथं," पाणबुडी म्हणाली आणि पट्ट्याचा नकाशा जमिनीवर पसरून बसली. उरलेल्या जागा फार नव्हत्या, त्यामुळे बोट ठेवायला वेळ लागला नाही.